उताराला घाबरणारी सीट

मित्रांनो, मी एका पातळ चाकांच्या सायकलीची जुनी सीट आहे. अंगाने अरुंद, स्पर्शाला टणक आणि स्वभावाने भित्री. प्लास्टिकच्या कवचावर फोम चिकटवून, वर काळे रेक्झिन ताणून एका कारखान्यात मला घडवले. तेव्हापासूनच मी घाबरलेली आहे. माझ्यावर बसणाऱ्याला निदान पुढचा रस्ता दिसतो. मला फक्त तो बसणारा दिसतो.

माझ्या पहिल्या मालकाला हौस होती तोवर त्याने माझे फार कौतुक केले. मग हौस फिटली आणि सायकलीसकट मी जुन्या सायकलींच्या दुकानात आले. तिथे बाकाखाली एक खोका होता. लोकांनी काढायला लावलेल्या सीटा त्यात पालथ्या पडलेल्या असत. त्या खोक्यात गेलेली सीट पुन्हा रस्त्यावर आलेली मी पाहिली नाही. आणि सीटांना डोळे मिटता येत नाहीत.

एके दिवशी ताई आल्या. त्या केस कापतात. त्यांचे दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत, नदीकाठच्या लांबलचक सपाट रस्त्यानंतर एक उतार उतरला की. तिकडे जाणारी बस बंद झाली होती. बेताच्या पैशात, अंग न दुखवणारी, लांब पल्ल्याची सायकल त्यांना हवी होती. सोबत धाकटा भाऊ होता. त्याने सायकलींचे इतके व्हिडिओ पाहिले होते की सायकल चालवायला त्याला वेळच उरला नव्हता.

"ताई, ही लाल घे. एक माप मोठी आहे, पण बरंच आहे ना."

"अरे, मी काय शाळेचा गणवेश घेतेय का? या वयात वाढले तर उंचीत नाही वाढणार."

मग तो माझ्याकडे वळला. त्याने मला अंगठ्याने दाबले आणि तोंड वाकडे केले. "दगड आहे नुसता! काका, ही काढा, गुबगुबीत बसवा."

दुकानदाराने पाना उचलला. मी खोक्याकडे पाहिले. त्यात अजून एका सीटपुरती जागा होती.

"थांबा," ताई म्हणाल्या, "मी काय अंगठ्यावर बसणार आहे?" त्या बसल्या, दुकानासमोर दोन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "हीच. हात पोचतात, पाय पोचतात, आणि बसल्याचं कळतही नाही."

माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी स्तुती होती.

पण भावाची माया स्वस्थ बसेना. घरी गेल्यावर त्याने माझा स्क्रू सैल केला आणि माझे नाक, म्हणजे पुढचे टोक, खाली झुकवले. "आता बघ आराम," असे तो मलाच म्हणाला. ताईंना सांगायचे विसरला.

तेव्हापासून ताई माझ्यावरून पुढे घसरत. घसरू नये म्हणून हँडलवर हात रेटत. सगळे वजन तळव्यांवर जाई. दुकानी पोहोचेपर्यंत त्यांची करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट बधिर होत असे. कात्रीच्या कडीत नेमके तेच शेजारचे बोट घालावे लागते. एकदा कात्री हातातून निसटली आणि खुर्चीतले म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, "ताई, कान दोनच आहेत हो माझे. सांभाळून."

ताई हसल्या. पण संध्याकाळी दुकान रिकामे झाल्यावर त्या बोटे चोळत, चिमटे काढत बसल्या. हात गेले तर दुकान गेले, एवढेच त्यांच्या मनात असणार. त्यांनी कुणालाच सांगितले नाही. मला कारण ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

मग एका सकाळी तो उतार आला. खाली चौक, चौकात आडवा चाललेला टँकर. ताईंनी ब्रेक धरला. निदान त्यांना तसे वाटले. सायकल हळू होईना. हात ब्रेकवर आहे की नाही हे त्यांना मान खाली घालून डोळ्यांनी पाहावे लागले. बोटे ब्रेकच्या दांड्यावर नुसती टेकलेली होती. त्या ओरडल्या आणि दोन्ही पंजे आवळून ब्रेक खेचले. मागचे चाक घसरत गेले. टँकर पुढच्या चाकाला वारा घालून गेला. ताई खाली उतरल्या आणि उरलेला उतार सायकल हातात धरून चालत उतरल्या.

आपल्या दुकानात त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि भावाला फोन केला. "ये आणि ही सायकल घेऊन जा. विकून टाक."

मग त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून आरशात पाहू लागल्या. कापलेले केस दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, हे त्या नेहमी आरशातच बघतात. आरशात बाटल्यांची सरळ फळी होती आणि तिच्याखाली मी होते. ताईंची नजर फळीवरून माझ्यावर आली, पुन्हा फळीवर गेली. वाकडी कापलेली झुलपं दिसावीत तशा त्या उठल्या.

भाऊ आला तेव्हा माझ्या पाठीवर, मागून नाकापर्यंत, ताईंचा लांब कंगवा ठेवलेला होता.

"हिचं नाक कुणी खाली केलं?"

"मी. तुझ्या आरामासाठी."

"आराम? मला घसरगुंडीवर बसवलंस रे! सगळा भार हातांवर. बोटं मेली माझी, आज मीही मेले असते!"

भाऊ पांढराफटक पडला. "मग सीटच फेकून देऊ."

"तिनं काय केलंय? पाना आण."

आरशात बघत बघत कंगवा फळीला समांतर होईपर्यंत त्याने माझा स्क्रू फिरवला. हळूहळू ताईंची बोटे परत आली. करंगळी सर्वांत शेवटी.

आता उताराआधी ताई सायकल थांबवतात, कात्री चालवावी तशी बोटांची उघडझाप करतात आणि सगळी हजर आहेत असे पाहूनच निघतात. मित्रांनो, सायकल घ्यायला जाल तेव्हा अंगठा खिशात ठेवा आणि बसून बघा. हात बधिर होऊ लागले तर मुकाट्याने सोसू नका, बोला. सायकलीला बोलता येत नाही, ते काम तुमचेच आहे.

माझे विचाराल तर मी अजून घाबरते. पण उतार लागला की ताई मागे सरकून पूर्णपणे माझ्यावर बसतात. तेवढा वेळ मी घाबरायचे पुढे ढकलते.