भाषणासाठी एक झाड

पहिलं उदाहरण, खोडलेलं

"बाजार म्हणजे जंगल. वाघ दुबळ्या हरणाला खातो, म्हणून कळप धडधाकट राहतो."

धाकट्याने भाषणाचा कागद वाचून दाखवला आणि ताईकडे पाहिलं. तो खुर्च्यांच्या कारखान्याचा व्यवस्थापक. ताई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिचा नवरा त्याच कारखान्यात पॉलिशच्या कामावर.

"चूक," ताई म्हणाली. "वाघाच्या बहुतेक झडपा फुकट जातात. आणि तू कसला वाघ? झुरळ दिसलं की पलंगावर चढायचास."

दुसरं, हसून सोडलेलं

"मधमाश्या घे. थंडी आली की त्या बसून खाणाऱ्या नरांना पोळ्याबाहेर हाकलतात."

"नको गं बाई! संचालक पहिल्याच रांगेत असतात."

बहीणभाऊ पोट धरून हसले.

तिसरं, घेतलेलं

भाषण कशासाठी, हे ताईने विचारलंच नाही. चुकीचं उदाहरण दिसलं की तिचे हात शिवशिवायचे; बाकी जग गेलं उडत.

"झाड म्हण. पाणी कमी पडलं की झाड आपणहून पानं गाळतं. त्यात राग नाही, लोभ नाही. गळलेलं पान मुळाशी कुजतं, त्याचंच खत होतं. जंगलात काही वाया जात नाही."

धाकट्याने तिचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

सभा

ती नवऱ्याच्या तोंडून कळली. पिशवीत त्याचा डागाळलेला अंगरखा होता आणि ब्रश होते.

"भाषण झकास झालं. कोणी आवाज चढवला नाही. मग कामावरून कमी केलेल्यांची नावं वाचली. माझं मधेच कुठेतरी होतं."

ताईने पिशवी त्याच्या हातातून घेतली. तो आत हातपाय धुवायला गेला आणि दारात धाकटा हजर.

"ताई, तुझ्या झाडाने तारलं बघ! मला वाटलं होतं, आज दगड पडणार. आणि भावोजींचं म्हणशील, तर त्यांना वगळलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं."

न सांगितलेलं

"एक सांगायचं राहिलं," ताई म्हणाली. "पान गाळण्याआधी झाड त्यातलं असेल नसेल तेवढं सत्त्व ओढून घेतं. मग देठाशी बूच मारतं. पान पिवळं पडतं ते उगाच नाही."

आतून नवऱ्याचा खोकला आला. पॉलिशच्या वाफांनी त्याच्या छातीत शिट्टी कायमची बसवली होती.

"आणि झाडाचं पान मुळाशी तरी जातं. हे कुठल्या मुळाशी जाणार रे?"

"हे आधी नाही सांगितलंस तेच बरं झालं," धाकटा म्हणाला आणि चपला चढवून चालू पडला.

नवरा टॉवेल घेऊन दारात उभा होता.

"ते झाड तुझं होतं?"

ताईने मान खाली घातली.

"तरीच. म्हटलं, इतकं समजावून सांगणं ह्याला कधीपासून जमायला लागलं." त्याने बोटं पुसली, नखांचा पिवळा रंग तसाच राहिला. "पहिली टाळी मीच वाजवली गं."