येकेचाळिसावी बुडी

मी एक जुनी घटकेची वाटी हाय, मित्रांनो. तांब्याची, बुडाला सुईएवढं भोक असलेली. नगरच्या तांबटानं मला ठोकून घडवली अन् भोक पाडताना म्हनला, "हिचं काम बुडायचं." दुसऱ्या भांड्याला भोक पडलं की मोडीत घालत्यात. माझी किंमत भोकामुळंच.

घंगाळभर पान्यात मला तरंगत सोडायची. भोकातनं पानी चढतं, भरली की मी गुमान तळाला जाते. ती झाली एक घटका. मग मला उचलून परत सोडायची अन् परातीत एक चिंचोका टाकायचा. सूर्य उगवला की दुसऱ्या दिवशी उगवंस्तवर साठ बुड्या. मग चिंचोके पिशवीत, मोजनी पयल्यापास्नं.

लई लग्नं लावली मी. बामन मला हळद-कुंकू वाहायचा. पुढं मनगटावर घड्याळं आली अन् मी कोनाड्यात पडले. करंजी घाटाखालच्या एका मळ्यात मात्र माझा मान ऱ्हायला. रंगनाथ अन् त्याचा धाकटा भाऊ काकासाहेब, दोघांची विहीर एकच. कुनी किती पानी घ्यायचं ते माझ्यावर ठरायचं. रंगनाथची बायको भीमाबाई माझ्यापाशी बसायची.

बहात्तर साली विहीर आटली. खोल करायला सुरुंग लावायचं ठरलं. सुरुंगवाल्यानं बजावलं, "धूर तळाला बसतो, डोळ्याला दिसत न्हाई. साठ बुड्या झाल्याबिगर उतरायचं न्हाई."

सुरुंग उडाला तवा परातीत वीस चिंचोके आधीच हुते. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. रातभर भीमाबाई अन् सासू आळीपाळीनं माझ्यापाशी बसल्या. दिस उगवला, तसा रंगनाथ दोर घेऊन आला.

"भरलं का साठ?"

"भरलं की," मला परत पान्यात सोडून भीमाबाई चिंचोके पिशवीत भरत म्हनली.

काकासाहेब म्हनला, "दादा, आधी कंदील सोडून बघ."

"तुझी वैनी रातभर डोळं फोडत बसली, ती काय चिंचोके भाजायला?" रंगनाथ हसला अन् उतरला.

दोर ढिला पडला. हाकेला ओ न्हाई.

सुरुंगानंतर चाळीसच बुड्या झाल्या हुत्या, मित्रांनो. मला ठावं हुतं, पर वाटीला तोंड हाय तरी जीभ न्हाई.

काकासाहेबानं कमरेला दोर बांधला, एक पाय आत टाकला. तेवढ्यात मी घंगाळात बुडाले. विहिरीतनं सावकाश आवाज आला, "येकेचाळीस."

रंगनाथचाच आवाज.

"जित्ता हाय. वैनी, सोडा मला."

भीमाबाईनं दोर मुठीत धरला हुता. "कालचे वीस सुरुंगाच्या आधीचे हुते, भाऊजी. ह्ये सुरुंगापास्नं मोजत्यात. साठाच्या आत उतरू नका म्हनत्यात."

"दादा, बोल की काय तरी."

सासूनं मला उचलून सोडली, घटकेनं मी परत बुडाले. "बेचाळीस."

दुसरं काय बी न्हाई. विहिरीच्या तळातनं मी दिसत नव्हते, तरी माझी बुडी अन् त्याचा आकडा एकाच टायमाला. पन्नासाला कंदील सोडला, तो निम्म्यातच इझला. काकासाहेब कठड्यावर कपाळ टेकून रडत ऱ्हायला, पर उतरला न्हाई.

"साठ."

या खेपेला कंदील तळापोतर जळत गेला. काकासाहेबानं भावाला वर आनला. अंग पार लाकूड झालेलं. हात लावलेली मानसं म्हनाली, ह्यो उतरला तवाच गेला.

मंग मोजलं कुनी, ते त्या मळ्यात कुनी इचारत न्हाई. काकासाहेब मातर आज जित्ता हाय, बैलं हाकतोय.

पोरांनो, मोजायचं आसंल तर काम सुरू झालं तितनं धरा. दिस उगवला म्हनून मागचं पुसलं जात न्हाई, अन् दिस भरला म्हनून काम बी भरत न्हाई. माझ्यासारखं जुनं भांडं दिसलं तर पुसून ठेवा, भोकात माती जाऊ देऊ नका.

भीमाबाई अजून मला चिंचेनं घासती अन् कोनाड्यात पालथी ठेवती. गेल्या साली पोरांनी खेळायला मला पान्यात सोडली. मी बुडाले, तशी पोरं पळाली.

विहिरीतनं कुनीतरी म्हनलं हुतं, "येकसष्ट."