गुरुवारचा टेंपो

मुंबईत स्फोट झाले, त्या सालापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाटेवर सरकारची नजर बसली. नवापूरहून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी तंबू ठोकला आणि बांबू आडवा टाकला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपायचा, कुठं चाललास, कशाला चाललास, आत कोण, सगळं विचारायचं. सुरुवातीला गावालाही ते बरं वाटलं. समुद्रातून काय काय उतरलं ते पेपरात आलं होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर बालंट यायला नको, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

एकनाथच्या टेंपोला तो बांबू रोज सकाळी आडवा यायचा. मागे मासळीच्या टोपल्या आणि टोपल्यांना टेकून बसलेल्या बाया. तंबूतला चंद्रभान हवालदार घाटावरचा, तोंडाचा गोड. काठीनं टोपल्या ढोसून झाल्या की तो प्रत्येक टोपलीतून एखाददुसरी मासळी आपल्या बादलीत टाकायचा.

"हवालदार, आमच्या बोंबलात बंदूक लपत नाय," सुगंधा म्हणायची. तिची जीभ नवापुरात सगळ्यांत तिखट.

"बघितल्याशिवाय कसं कळणार, मावशी?"

"बघा ना. पन डोल्यांनी बघा. तुमी हातानं बघताव."

बाया हसायच्या, चंद्रभानही हसायचा. शेवटी तो शकूच्या टोपलीकडे वळायचा, कारण पापलेट निवडावं तर शकूनंच. ती स्वतःच एक उचलून पुढे करायची, म्हणजे मोठं तरी जात नसे. एवढं झालं की बांबू वर.

शकू एकनाथच्या मित्राची, नामदेवची बायको. नामदेव वादळात गेला, बोट सापडली, तो सापडला नाही. त्यानंतर तिनं टोपली उचलली आणि बोईसरच्या बाजारात बसून घर चालवलं. मागच्या वर्षी एकदा टेंपोत चढताना एकनाथनं तिच्या बोटातून रक्त गळताना पाहिलं. विळीवर बोट कापलं होतं आणि तिला कळलंही नव्हतं. हातावर फिकट चट्टा होता. त्याचा एक चुलता असाच चट्टा उठून महारोगानं गावाबाहेर झोपडीत मेला होता.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, आता औषध निघालंय, वर्षात बरी होशील, तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही. महिन्यातून एकदा येऊन त्याच्यासमोर गोळ्या घ्यायच्या, बाकीच्या घरी. शकूनं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "भाऊ, डॉक्टर मासळी घ्यायला येनार नाय. ज्या घ्यायला येतात त्यांना कोन सांगल?"

एसटीत गावचं कुणीतरी भेटायचंच. म्हणून एकनाथनं गुरुवार धरला. बोईसरच्या कारखान्यांतले घाटावरचे लोक गुरुवार पाळतात, त्या दिवशी मासळीला गिऱ्हाईक नसतं. नवापूरच्या बाया त्या दिवशी घरी बोंबील वाळत घालतात. टेंपो रिकामा, रस्ता रिकामा. महिन्यातून एका गुरुवारी शकू पुढे त्याच्या बाजूला बसून पालघरला जाऊन यायची. गावाच्या डोळ्यांपासून लपायला याहून चांगला वार नव्हता. त्याच्या ध्यानात एवढंच आलं नाही, की तंबूतले डोळे गावाचे नव्हते.

"गुरुवारी कुठं रे?" असे आठ महिने गेल्यावर चंद्रभाननं पहिल्यांदा विचारलं.

"बर्फ आनायला."

"बरं."

पुढच्या महिन्यात त्यानं पुन्हा विचारलं आणि एकनाथनं पुन्हा बर्फच सांगितला. या वेळी चंद्रभाननं बांबू लगेच उचलला नाही. "मी स्वतः गुरुवार करतो, एकनाथ. आज मासळी नाही, तर बर्फ कशाला?"

त्याच्या पुढच्या महिन्यात परतताना पोलिसांची जीप आडवी आली. बर्फाच्या कारखान्यात चौकशी झाली होती. शकूला तिथंच उतरवलं, ती चालत घरी गेली. टेंपो चौकीच्या आवारात लागला.

चौकीतल्या साहेबानं एकच गोष्ट उलटसुलट विचारली. रिकामी गाडी पालघरला कशाला जाते? ती बाई तुझी कोण? तिथं ती कुणाला भेटते? कुणाचा निरोप नेते? एकनाथ म्हणत राहिला, गावातली हाय, कामाला जाते. कसल्या कामाला, ते त्यानं सांगितलं नाही. त्याला संध्याकाळी सोडलं, टेंपो सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन एसटीच्या थांब्यावर उभ्या राहू लागल्या. कंडक्टर मासळी बघून दार लावून घ्यायचा. पोलीस गावात येऊन विचारून गेले होते, गुरुवारी शकू एकनाथबरोबर कुठं जाते? एवढं विचारलं की बाकीचं गाव जुळवतंच. एकनाथच्या बायकोनं, वत्सलानं, त्याच्यापुढे ताट आपटलं.

"बर्फ आनायला जात व्हताव ना तुमी? मंग इरघलला कसा?"

"तसं काय नाय, वत्सला."

"मंग कसं हाय ते सांगा."

तो जेवून उठला. अंधार पडल्यावर शकूच्या दारात उभा राहून म्हणाला, "वैनी, निदान घरात तरी सांगू दे मला."

शकू चुलीपुढे बसली होती. बोटाला पुन्हा चिंधी गुंडाळलेली. "वत्सला वाईट नाय," ती म्हणाली. "पन रागात बोलल. मला लोक काय बी म्हनू दे, भाऊ. वाईट चालीची म्हनतील, तरी पापलेट घेतील. दुसरं कललं, तर माझ्या हातचं कुत्रं बी खानार नाय."

तो परत आला. वत्सला भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

साहेबानं पुन्हा बोलावलं. या वेळी आवाज चढवला नाही. "तू बोलू नकोस. आम्ही तिलाच विचारतो. उद्या जीप तिच्या दारात उभी करतो, झडती घेतो. गाव बघेल."

झडती म्हणजे घरातल्या गोळ्या, त्यांची पाकिटं, सगळं अंगणात. एकनाथच्या डोळ्यांपुढे ते अंगण उभं राहिलं. त्यानं खाली बघून सगळं सांगितलं. चट्टा, दवाखाना, डॉक्टर, शेवटच्या राहिलेल्या गोळ्या. दारात चंद्रभान उभा होता.

साहेब थोडा ओशाळला. "एवढंच होतं? आधी सांगायचंस. हे या खोलीबाहेर जाणार नाही."

खरंच गेलं नाही. टेंपो सुटला. शकूनं विचारलं, "काय सांगलास?" आणि एकनाथ म्हणाला, "काय नाय. कंटालले ते."

दुसऱ्या सकाळी टेंपो भरला. बाया खुशीत होत्या. सुगंधानं शकूला कोपरखळी मारली, "आज म्होरं नाय बसत?" सगळ्या हसल्या, शकूही हसली. तिला ते हसणं हवंच होतं.

बांबूपाशी चंद्रभान आला. त्यानं काठी फिरवली, सुगंधाचे बोंबील घेतले, पलीकडची कोलंबी घेतली, एकेक करत शेवटच्या टोपलीशी आला. शकूनं नेहमीसारखं पापलेट पुढे केलं.

"नको."

"घ्या की. ताजं हाय."

"नको म्हटलं ना, बाई." तो एक पाऊल मागे सरला. काठीचं टोक त्यानं गवतावर पुसलं. मग बांबू वर झाला.

त्याच्या तोंडून एक शब्द गेला नव्हता. पण फुकटचं पापलेट नको म्हणणारा पोलीस त्या बायांनी जन्मात पाहिला नव्हता. आरशातून एकनाथला दिसलं. सुगंधा शकूच्या पुढे धरलेल्या हाताकडे, बोटाच्या चिंधीकडे बघत होती. हसू तसंच ओठांवर राहून गेलं होतं. मग तिनं आपली टोपली हळूच स्वतःकडे ओढली. तिच्या बाजूचीनंही ओढली.

दुपारी तो बाजारात न्यायला गेला, तेव्हा सुगंधा आपली जागा सोडून पलीकडच्या ओळीत बसलेली होती आणि गिऱ्हाइकांशी खालच्या आवाजात बोलत होती. शकूची टोपली भरलेली होती. वरचं पापलेट सकाळचंच.

एकनाथ तिच्यापुढे उकिडवा बसला.

"सांगलास ना?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

शकू टोपलीवर ओलं फडकं पसरत राहिली. मग म्हणाली, "म्होरल्या महिन्याच्या गोल्या शेवटच्या हायेत."

"मी नेतो, वैनी. गुरुवारी."

"नको. एसटीनं जाते." तिनं फडक्याची कड आत खोवली. "आता बाजूला कोनी बसनार नाय. जागा मिलल."