चिंचेवरचा आळ

थापाड्याला सकाळपासून कुऱ्हाड सापडत नव्हती. सापडणार कशी? त्यानंच ती गवताच्या गंजीत खुपसली होती.

"राहू द्या कुऱ्हाड, भावजी," वहिनी दारातूनच म्हणाली. तिच्या खांद्यावर दोन मुठींची लांब करवत. "तुमचे दादा धरायचे ते टोक मी धरते. पण आज ती चिंच पडलीच पाहिजे. माझा माणूस खाल्लाय तिनं."

दोघं भाऊ लाकूडतोडे. थोरला कमरेला दोर बांधून झाडावर चढायचा, वरच्या फांदीवरून टाकलेल्या त्या दोराचं दुसरं टोक धरून धाकटा थापाड्या खाली उभा. चार महिन्यांपूर्वी थोरला पडला तो जागीच गेला. थापाड्यानं गावाला सांगितलं, "चिंच आतून किडलेली! दोर टाकला तीच फांदी मोडली, दोरासकट खाली आली!" पहिल्या दिवशी किडे तांदळाएवढे होते, आठवड्यानं बोटाएवढे झाले. न्हाव्यानं तर त्यांना शिंगंही लावली. सगळा गाव येताजाता झाडावर थुंकू लागला. चिंच काय बोलणार?

करवत चालू झाली. वहिनी ओढायची, मग थापाड्या. भुसा पडू लागला, पिवळाधम्मक, ओलसर. 'एखादा तरी किडा निघ रे बाबा!' थापाड्या मनात विनवत होता. चार महिने फुकटात किडे पाळले, आज एक कामाला येईना. पुढं काळा गाभा लागला. लोखंडासारखा. करवत कण्हू लागली.

वहिनी थांबली. भुसा चिमटीत धरून तिनं वास घेतला.

"भावजी, किडकं कुठाय?"

जिभेवर दहा थापा तयार होत्या. एकही बाहेर येईना.

"नव्हतंच, वहिनी. ती फांदी दादानंच तोडलेली. त्याचा पाय सरकला... दोर माझ्या हातात नव्हता. विडी पेटवत होतो."

तिनं करवतीच्या चिरेला वीत लावून किती कापलंय ते पाहिलं. त्याला वाटलं, आता शिव्या देईल, भुसा तोंडावर फेकेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं पुन्हा मूठ धरली.

"ओढा."

"वहिनी, बिचाऱ्या झाडाची काही चूक—"

"निम्म्याच्या पुढं गेलंय. असंच ठेवलं तर वाऱ्यानं कुणाच्या तरी पोरावर पडेल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सकाळी बोलला असतात, तर निदान ही वाचली असती. ओढा."

थापाड्यानं ओढली.