दांडा धरून

रविवार, ६ मार्च २०१६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. व्यायामशाळेच्या सभागृहात तेवीस स्पर्धक, तीन पंच आणि नव्वद खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेतील कडेच्या खुर्चीवर ब्याऐंशी किलो वजनाचे एक गृहस्थ हातात काठी घेऊन बसले होते. त्यांचे वजन मी इतके नेमके का सांगतो, ते पुढे कळेल.

मित्रांनो, मी एक जुना पोलादी दांडा आहे. लांबी सात फूट, वजन वीस किलो. कारखान्यात मला लेथवर घडवले, पकड बसावी म्हणून अंगावर बारीक खरखरीत नक्षी पाडली आणि एका टोकावर '२०' हा आकडा कोरला. तपासनिसाने माझ्यावर 'सरळ आहे' असा शेरा मारला. त्याचा अभिमान मला आजही वाटतो.

पुढे या व्यायामशाळेत मी बावीस वर्षे राबलो. हातांचा घाम माझ्या अंगावरून कोणी पुसला नाही. गंज चढत गेला आणि टोकावरचा आकडा बुजला. दोन्ही बाजूंना तीस-तीस किलोच्या प्लेट चढवल्या की मास्तर पुकारत, "साठ!" मग मी कोण? माझे वजन कुठे जात असे? मला उमगत नसे.

दीड वर्षापूर्वी एक बाई आल्या. वय साठ, तीस वर्षे यंत्रांचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना काकू म्हणू लागले. त्यांचे यजमान न्हाणीघरात घसरून पडले होते. काकूंनी बखोटीला धरून खूप ओढले, पण ते हलेनात. शेजारी येईपर्यंत चाळीस मिनिटे दोघे ओल्या फरशीवर बसून राहिले. तेव्हापासून काकूंच्या मनात एकच आकडा होता, ब्याऐंशी.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "काकू, एक लक्षात ठेवा. आपल्याकडे दांडा धरायचा नाही."

"मग उचलू कशाने? दातांनी?"

सगळे खो खो हसले, मास्तरही हसले आणि खुलासा तसाच राहिला. मी मात्र पार गोंधळलो. सगळे मला रोज धरत होते आणि तरीही कोणी मला धरत नव्हते!

काकूंनी वहीत माझा नकाशा काढला. लांबी बरोबर, जाडी बरोबर. पण आतून मला पोकळ दाखवले! असेल नळी तीन-चार किलोची, असे त्यांनी गृहीत धरले आणि मास्तरांप्रमाणे फक्त प्लेटांची बेरीज मांडत गेल्या. दीड वर्षाने वहीतला सर्वांत मोठा आकडा होता साठ. स्पर्धेच्या अर्जातही त्यांनी तोच शेवटचा म्हणून लिहिला. मास्तरांनी आजवर कोणाला स्पर्धेला पाठवलेच नव्हते. त्यांनी खाली सही ठोकली.

त्या दिवशी डेडलिफ्ट हा एकच प्रकार होता. वजन जमिनीवरून मांड्यांपर्यंत आणून ताठ उभे राहायचे. प्रत्येकाला तीन संधी. काकूंची पहिली संधी पंचेचाळीस किलोची. त्यांनी मला असे उचलले, की मी गुडघ्यांपाशी केव्हा पोचलो ते मलाच कळले नाही.

"अहो भाऊ, वजन कमी लावलंय," काकू पंचांना म्हणाल्या.

"नाही काकू. पंचेचाळीसच आहे."

"साडेबारा आणि साडेबारा पंचवीस होतात. बेरीज येते मला."

"आणि दांडा?"

"त्या नळीचं वजन काय धरायचं?"

"इथे धरतात. वीस किलो. सकाळीच काट्यावर ठेवला होता."

"वीस? म्हणजे हा भरीव आहे?" काकू मास्तरांकडे वळल्या. मास्तर कान खाजवत म्हणाले, "मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दांडा धरायचा नाही म्हणून."

"मला वाटलं, विनोद केलात!"

पहिल्या रांगेतून आवाज आला, "अगं, म्हणजे तू ऐंशी उचलत होतीस? आणि मला भाताचा एक घास जास्त घेऊ देत नव्हतीस!"

दुसऱ्या संधीला काकूंनी पंचाहत्तर उचलले. तिसऱ्या वेळी त्या पंचांना म्हणाल्या, "ब्याऐंशी लावा."

"ब्याऐंशी नाही लावता येत, काकू. अडीच-अडीचनेच वाढतं. ऐंशी, नाहीतर साडेब्याऐंशी."

काकू घुटमळल्या. ऐंशी त्यांच्या सरावातले होते. साडेब्याऐंशी कधीच उचलले नव्हते. गृहस्थांनी काठी वर केली. "साडेब्याऐंशी लाव गं! मी काठी धरून तेवढाच भरतो!"

मित्रांनो, गुडघ्यांच्या वर चार बोटे आल्यावर आम्ही थांबलो. मी किंचित वाकलो होतो. वर जायचे की खाली, मला काहीच कळेना. एवढेच जाणवत होते, की या ओझ्यात आज मीही आहे. मग त्यांचे खांदे मागे गेले आणि गुडघे सरळ झाले. पंचांचा हात खाली आला. तीन पंचांचे तीन दिवे लागले: दोन पांढरे, एक लाल. वजन मान्य व्हायला दोन पांढरे पुरतात. खुर्चीतले गृहस्थ काठी विसरून उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पॉलिश पेपरने माझे टोक घासले. '२०' पुन्हा दिसू लागला. मास्तर मात्र सवयीने अजूनही "साठ" पुकारतात आणि मी अजूनही गोंधळतो. म्हणून विनंती करतो: वापरून झाल्यावर मला पुसत जा, आणि बेरीज करताना ओझे पेलणाऱ्यालाही धरत जा.

निकालाच्या तक्त्यावर काकूंच्या नावापुढे लिहिले आहे: ८२.५ किलो, दांडा धरून.