रंगूबाईचा गुलाब

“तात्या, पंप आणू का? द्राक्षाला मारतोय तेच औषध मारतो. पाच मिन्टाचं काम हाय,” पुतण्या कृष्णात कुंपणापलीकडून म्हणाला.

आकाराम गुलाबापाशी उकिडवा बसला होता. कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी आली होती. कळ्याही पांढुरक्या पडल्या होत्या.

“नगं,” तो म्हणाला.

“आवं, झाड बोडकं व्हईल. वर्षश्राद्धाला काकीच्या फोटोला काय कागदाची फुलं घालनार?”

“नगं म्हनलं न्हवं.”

त्याची बायको रंगूबाई बारा वर्षं तासगावकडच्या द्राक्षबागांत औषध कालवायला जायची. संध्याकाळी तिच्या लुगड्याला तोच वास असायचा. पुढं खोकला लागला. तो कशानं, ते सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आकारामनं विचारलं नाही. पण आपल्या दारात तिनं ते औषध कधी येऊ दिलं नव्हतं. भुरी आली की आंबट ताक पाण्यात घालून ती गुलाबावर शिंपडायची. किती ताकाला किती पाणी, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती शिंपडत असताना तो कट्ट्यावर बसून चहाची वाट बघायचा.

वर्षश्राद्धाला बारा दिवस होते. याच झाडाचं एक फूल तिला घालायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

शेजारच्या बनाबाई त्याला रोज तांब्याभर ताक द्यायच्या. एकटा माणूस कोरडी भाकरी कशी गिळणार, म्हणून. झाडासाठी ताक हवंय हे सांगायची त्याला लाज वाटली. ते न पिता तो दोन दिवस आंबवून ठेवायचा, फडक्यातून गाळायचा आणि अंदाजानं पाणी घालून शिंपडायचा. पाचव्या दिवशी भुरी कमी दिसली. मग त्यानं ताकात पाणी घालायचंच सोडलं.

नवव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. अकराव्या दिवशी कळ्या गळून पडल्या.

कृष्णातनं एक पान खुडून हुंगलं. “ताक कुनाचं मारलं?”

“बनावैनींचं.”

“तात्या, प्यायचं ताक ते. मीठ असतंय की त्यात. मिठानं जळलं झाड.”

आकारामनं भांड्यात बोट बुडवून चाटलं. चांगलंच खारट होतं. वर्षभर तो तेच पीत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाई तांब्या घेऊन आल्या. भिंतीवरच्या फोटोकडं बघत म्हणाल्या, “भावजी, फूल न्हाई घातलं?”

“औंदा न्हाई.”

त्या जरा घुटमळल्या. “ताक बरं असतंय न्हवं? मीठ कमीजास्त हुत न्हाई?”

“बरं असतंय की वैनी.”

त्यानं तांब्या हातात घेतला. त्यांच्यासमोर उभ्यानंच सगळं ताक पिऊन टाकलं, तांब्या विसळला आणि दोन्ही हातांनी परत दिला.