राखणदाराचा पांढरा उपास

आमच्या करांगप्रिंग गावाचा राखणदार, म्बाह रेक्सो, म्हणजे रेक्सो आजोबा, बांबूच्या जुन्या बेटात राहतो. त्याला कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. त्याच्या वतीने सगळा व्यवहार म्हातारे म्बाह वागिरान पाहतात. गुरुवारी संध्याकाळी लोक बेटात अंडं, फुलं, मिरच्या आणि लवंगेची सिगारेट ठेवून जातात. सकाळी तिथे काही उरलेलं नसतं. राखणदार टरफलंसुद्धा मागे ठेवत नाही. वागिरानच्या घरामागे मात्र टरफलांचा ढीग बरा साचलेला असतो. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याइतकं उद्धट आमच्या गावात कुणी नाही.

बेटाला लागून लास्मिनीचं भाताचं खाचर आहे. खाचर वडिलांचं, म्हणजे निम्मं तिचं आणि निर्णय सगळे थोरल्या भावाचे. वर्षानुवर्षं पोत्यातलं पांढरं खत खाऊन तिथली माती अशी झाली होती की कुदळ मारली तर वाजायची. भात उगवायचं, गुडघ्याला यायच्या आत पिवळं पडायचं, आणि उपटलं तर बिनविरोध हातात यायचं. मुळं धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ.

थोरला सुगिनो व्यवहारी माणूस. या मातीत भात होत नाही तर विटा होतील, असं त्याने वीटभट्टीवाल्याकडून वदवून घेतलं. भट्टीवाले कंबरभर माती नेतात आणि मागे खड्डा ठेवतात. त्या खड्ड्यात पुढे बदकं पाळायची, हेही सुगिनोने ठरवलं होतं. लास्मिनी विधवा, त्या खाचराशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं आणि दुसरं काही तिला येतही नव्हतं. तिने एक हंगाम मागून घेतला. सुगिनो म्हणाला, घे, पण पीक पिवळं दिसलं की मी भट्टीवाल्याला घेऊन आलोच.

त्याच सुमाराला शेतकी खात्याचा एक माणूस गावात येऊन बोलून गेला. बाकीचे चहासाठी गेले होते. लास्मिनी ऐकायला गेली. तो म्हणाला, मुळांच्या भोवती डोळ्याला न दिसणारे जीव राहतात. मूळ त्यांना गोड रस पाजतं, ते मुळाला मातीतलं अन्न काढून देतात. तुमच्या मातीतले उपाशी मेले. जिथे कधी खत पडलं नाही अशा जागेतून ते आणा. बिनमिठाचा भात टोपलीत घालून जुन्या बांबूच्या मुळाशी पुरा. भातावर पांढरी लव धरली की ते आले असं समजा. काळी किंवा लाल धरली तर फेकून द्या. पांढरा भात गुळाच्या पाण्यात मुरवायचा आणि लावणीआधी रोपांची मुळं त्यात बुडवायची.

लास्मिनीने टोपली पुरली. बांबूचे कोंब काढायला आलेल्या बू सुमार्नींना, म्हणजे आमच्या सरपंचबाईंना, ती सापडली.

नुसता भात. मीठसुद्धा नाही. बू सुमार्नींना वाईट वाटलं. बिचारीवर अशी वेळ आली की राखणदाराला कोरडा भात वाढते, आणि राखणदार रागावला तर पुन्हा तिलाच भोगायला लागणार. अशा वेळी तोंडावर काही बोलून माणसाला लाजवायचं नसतं, गुपचूप सावरून घ्यायचं असतं. बाईंनी टोपलीत उकडलेलं अंडं ठेवलं, तिखट चटणी ठेवली, वर फुलं घातली आणि झाकण होतं तसं बांधलं. मग ही गोष्ट त्यांनी फक्त शेजारणीला सांगितली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत टोपलीत तळलेला मासाही आला.

लास्मिनीने टोपली उघडली तेव्हा आत काळी, लाल आणि एक निळसर अशी बुरशी होती. तिने सगळं फेकलं आणि नवा भात पुरला. गावाने पुन्हा सावरून घेतलं. या खेपेला केळीही होती. चटणी ओळखीची होती, त्यामुळे कुणाची कृपा ते तिला कळलं. पण सरपंचबाईंना तोंडावर नको म्हणणं हे त्यांनी तिला तोंडावर गरीब म्हणण्याइतकंच अशक्य. तरव्यातली रोपं तर लावणीला आलेली.

ती वागिरानकडे गेली. म्हातारे ओट्यावर सिगारेट ओढत बसले होते. सिगारेट कुठून आली ते तिने विचारलं नाही.

“म्बाह, आठवडाभर माझ्या टोपलीत काही घालू नका, असं लोकांना सांगाल का? तुम्ही सांगितलं तर ऐकतील.”

“ऐकतील गं. तीच तर भीती आहे.” त्यांनी धूर सोडला. “काय धरतेस त्या टोपलीत?”

“बेटाच्या मुळाशी जे राहतं ते. डोळ्याला दिसत नाही. भात खातं आणि पिकाला पोसतं.”

“मग मी जन्मभर वेगळं काय सांगतोय? दिसत नाही, भात खातं, पोसतं. खात्याला आत्ता कळलं होय?”

“तुमचं अंडं खातं, म्बाह. माझं खात नाही.”

म्हाताऱ्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. लास्मिनी पुढे म्हणाली, “माझी माती गेली तर भट्टीवाले बेटाच्या बुडापर्यंत खणतील. मग एखाद्या पुरात बेटच खड्ड्यात बसेल.”

वागिरान बेटाकडे बघू लागले. बेट नाही तर राखणदार नाही. त्यापुढचा हिशेब घरामागच्या ढिगापर्यंत जात होता. त्यांनी सिगारेट अगदी बोटाला चटका बसेपर्यंत ओढली. फुकट घालवण्यासारखी वस्तू ती आता राहिली नव्हती.

गुरुवारी लोक ताटं घेऊन बेटात आले तेव्हा ते वाटेत उभे होते.

“म्बाह रेक्सो उपासाला बसलेत,” ते म्हणाले. “पांढरा उपास. बिनमिठाचा भात, बस्स. अंडं नाही, मासा नाही.” आणि जरा खालच्या आवाजात, “सिगारेटही नाही.”

आमच्याकडे परीक्षा, लग्न किंवा निवडणूक आली की माणसं पांढरा उपास धरतात. नुसता भात आणि पाणी. राखणदाराने धरला यात कुणाला नवल वाटलं नाही, नवल वाटलं ते इतकी वर्षं धरला नाही याचं. मशिदीत धर्म शिकवणाऱ्या उस्तादांना ताटं कधीच मान्य नव्हती, पण उपासाला नाही कसं म्हणणार? बू सुमार्नींनी मात्र विचारलं, “सोडणार कधी?”

“कापणीला,” वागिरान म्हणाले, आणि बोलून बसल्यावर त्यांचा चेहरा पडला. लास्मिनीने फक्त एक आठवडा मागितला होता.

ताटातलं बाकी सगळं परत गेलं. घरोघरहून पांढरा भात आला, लास्मिनीसारखाच टोपलीत, कारण राखणदाराला हल्ली टोपली आवडते असं ठरलं होतं. सगळ्या टोपल्या बेटाच्या मुळाशी पुरल्या गेल्या. उघडल्या तेव्हा आत शेवरीचा कापूस भरल्यासारखी पांढरी लव होती. बू सुमार्नींनी हात जोडले. मग हे उष्टं घेऊन करायचं काय, हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सगळे लास्मिनीकडे आले. तिने सांगितलं, माडाचा गूळ घाला, पाण्यात मुरवा, रोपांची मुळं बुडवा, आणि या खेपेला पांढरं खत हात राखून टाका. खात्याच्या माणसाने हेच सांगितलं होतं तेव्हा चहा संपला की लोक उठले होते. राखणदाराच्या उष्ट्याला कुणी उठलं नाही.

लास्मिनीने आधीच पेंढा न जाळता चिखलात तुडवला होता. बुडवलेल्या रोपांच्या मुठी तिने त्यात लावल्या.

चमत्कार वगैरे झाला नाही. पाटाकडचा कोपरा नेहमीसारखा पिवळा पडला. तेवढं रस्त्यावरून दिसलं आणि कबूल केल्याप्रमाणे सुगिनो भट्टीवाल्याला घेऊन आला. लास्मिनी बांधावर उभी राहिली. बाकीचं खाचर हिरवं होतं, पण हिरवं तर गवतही असतं, असं सुगिनो म्हणाला आणि त्याने एक रोप धरून ओढलं.

ते आलं नाही. त्याने दोन्ही हात लावले. आलं तेव्हा डोक्याएवढं ढेकूळ घेऊन आलं, आणि मुळांवर माती केसाळ लोकरीसारखी चिकटलेली. भट्टीवाल्याने ढेकूळ हातात घेतलं, वास घेतला, बोटांनी चुरलं. ते चुरलं गेलं. त्याने हात धोतरासारख्या सारोंगला पुसले.

“ही चालायची नाही,” तो म्हणाला. “भुसभुशीत झालीय. भट्टीत वीट तडकेल.” आणि मोटारसायकलकडे निघालाही.

सुगिनो हातातल्या रोपाकडे बघत राहिला. “माती खराब केलीस तू.”

“हो, कांग,” लास्मिनी म्हणाली. “पुढच्या हंगामात तो कोपराही करीन.”

‘कांग’ म्हणजे दादा, आणि थोरल्या भावाला एवढा आदर मिळाल्यावर त्याला पुढे भांडता येईना. त्याने खाली वाकून ते रोप पुन्हा चिखलात खोचलं, जरा वाकडंच, आणि बदकं कुठे पाळावीत याचा विचार करत घरी गेला.

कापणीच्या दिवशी बेटात गावजेवण झालं. राखणदाराचा उपास सुटला. वागिरान बारीक झाले होते आणि त्यांच्या घरामागे या हंगामात काही साचलेलं नव्हतं. बू सुमार्नींनी आणलेलं पहिलं अंडं पानावर ठेवलं, त्याकडे म्हातारे फार भक्तीने बघत होते. लास्मिनी शेजारी येऊन बसली.

“म्बाह, पुढच्या लावणीला पुन्हा उपासाला बसतील का ते?”

वागिराननी अंडं उचललं, सोललं, टरफलं नीट कागदात बांधून तिच्या हातात दिली.

“तुझ्या त्या कोपऱ्यात टाक,” ते म्हणाले. “त्यांना विचारून सांगतो.”